धंदा नकाशावर आणि आपल्याच नावावर

(सामुदायिक रेडिओवर झालेल्या भाषणाचा मजकूर)

 

दोन वर्षांमागची पौषातली एक सकाळ आधी सांगते. आमचा 14 जणींचा गट आहे. हिवाळ्यात आम्ही शेतावर हुरड्याचा धंदा करतो. त्या रविवारी पुण्याहून 30 माणसं येणार, असा निरोप एका ओळखीच्या बाईंनी दिला होता. पहाटे उठून आम्ही गुळभेंडीची कणसं खुडली, गोवऱ्या लावून आगटी पेटवली, दही, शेंगदाण्याची चटणी, गूळ, बोरं सगळं मांडून बसलो. अकरा वाजले, बारा वाजले, दोन वाजले. माणूस काही आलं नाही. हुरड्याचं तुम्हाला माहीतच आहे. खुडलेलं कणीस त्याच दिवशी खाल्लं तर गोड, दुसऱ्या दिवशी ते गुरांपुढे टाकायचं. तसंच झालं.

संध्याकाळी कळलं की माणसं वेळेवर निघाली होती. मोबाइलवरच्या नकाशात आमचं नाव टाकलं, तर नकाशाने त्यांना शेजारच्या गावच्या गायरानात नेऊन सोडलं. तिथं ना शेत, ना आगटी. नकाशावरच्या नंबरवर फोन लावला, तर तो बंद. लेकरं भुकेली झाली होती. त्यांनी त्याच मोबाइलवर दुसरी जागा शोधली आणि तिकडं जाऊन जेवले.

ती नोंद माझ्याच भाच्याने करून दिली होती, कॉलेजात असताना, हौसेनं. नंबर त्याचा, ई-मेल त्याचा. पुढं तो नोकरीला गेला, सिम बदललं, विसरून गेला. त्याला बोल लावून काय उपयोग? धंदा आमचा होता, आणि त्याची नोंद कुठं आहे, कुणाच्या नावावर आहे, हे आमच्यातल्या एकीलाही माहीत नव्हतं. जमिनीचा सातबारा कुणाच्या नावावर आहे हे आपण बरोबर विचारतो, पण हे विचारायचं सुचलंच नाही.

म्हणून आजचा विषय हा. आपला लहानसा धंदा गूगलवर शोधणाऱ्याला सापडावा कसा, बरोबर जागी सापडावा कसा, आणि ती नोंद आपल्याच हातात राहावी कशी.

काही जणी म्हणतील, आमचं गिऱ्हाईक आठवडे बाजारातलं, ते कशाला मोबाइलवर शोधेल? खरं आहे, गावचं गिऱ्हाईक शोधत नाही. पण आपला जिल्हा बघा. क्षेत्रफळानं महाराष्ट्रातला सगळ्यात मोठा, 14 तालुक्यांचा. शिर्डीला आणि शनिशिंगणापूरला देशभरातून माणूस येतो, आणि या दोन गावांमधलं 70 किलोमीटरच्या आसपासचं अंतर गाडीनं कापतो. नेवाशाला पैस खांब बघायला येतात, सिद्धटेकला अष्टविनायकाला, मोहट्याला देवीला, मढीला कानिफनाथांच्या यात्रेला. निघोजचे रांजणखळगे बघायला येतात. पावसाच्या तोंडावर काजवे बघायला भंडारदऱ्याला गर्दी होते. या माणसाला आपल्या गावात कुणी ओळखीचं नाही. तो गाडीत बसूनच मोबाइलला विचारतो, ‘जवळ घरगुती जेवण कुठं मिळेल?’ त्या वेळी जी दिसते तिच्याकडे तो जातो. तुमची भाकरी कितीही चांगली असू दे, दिसलीच नाही तर त्याला कळणार कशी?

आता गूगल कुणाला वर दाखवतं आणि कुणाला खाली, ते समजून घेऊ. गूगलनं स्वतःच तीन गोष्टी सांगितल्या आहेत.

पहिली, अंतर. शोधणारा माणूस जिथं उभा आहे तिथून तुम्ही किती लांब. हे आपल्या हातात नाही. पण नकाशावरची लाल खूण बरोबर दारात असणं आपल्या हातात आहे.

दुसरी, जुळणी. त्यानं जे विचारलं ते तुमच्याकडे आहे, असं तुमच्या नोंदीत लिहिलेलं आहे का? तुम्ही मांडे करता, पण नोंदीत नुसतं ‘महिला बचत गट’ लिहिलं, तर मांडे शोधणाऱ्याला तुम्ही कशा सापडाल?

तिसरी, नावलौकिक. किती लोकांनी तुमच्याबद्दल चांगलं लिहिलं, किती तारे दिले, तुमचं नाव आणखी कुठंकुठं आलं आहे.

यात पैसे हा चौथा मुद्दा नाही, हे नीट लक्षात ठेवा. या यादीत वरचा नंबर पैसे देऊन मिळत नाही. जाहिरात ही वेगळी गोष्ट आहे. तिच्यावर ती जाहिरात असल्याचं लिहिलेलं असतं.

ही जी नोंद असते तिला आता ‘गूगल बिझनेस प्रोफाइल’ म्हणतात. 2021 पर्यंत तिला ‘गूगल माय बिझनेस’ म्हणायचे. नोंद फुकट आहे. आता कामाला कसं लागायचं ते क्रमानं सांगते. वही घेऊन बसला असाल तर लिहून घ्या.

सगळ्यात आधी मोबाइलच्या नकाशात आपल्या धंद्याचं नाव टाकून बघा. कुणीतरी आधीच नोंद केलेली असू शकते, आमच्यासारखी. असेल तर दुसरी नवी करू नका. एकाच धंद्याच्या दोन नोंदी झाल्या की गिऱ्हाईक गोंधळतं आणि गूगलही. जुन्या नोंदीवरच मालकी मागण्याची सोय असते. तिथून अर्ज केला की आधीच्या मालकाला निरोप जातो. आमच्या भाच्यानं जुना पासवर्ड शोधून काढला आणि आमच्याकडे मालकी दिली, म्हणून लवकर सुटलो.

नोंदच नसेल तर आधी गटाच्या नावाचा वेगळा ई-मेल काढा. कुणाच्या मुलाचा नको, पुतण्याचा नको, सायबर कॅफेवाल्याचा तर नकोच. पोरांची मदत जरूर घ्या, पण ई-मेल गटाचा, आणि पासवर्ड हरवला तर ज्या नंबरवर संदेश येतो तो नंबर गटातल्याच बाईचा. या नोंदीत मालक आणि व्यवस्थापक असे दोन वेगळे हक्क असतात. आम्ही गटाच्या बैठकीत ठरावच केला. मालक म्हणून गटाचा ई-मेल, आणि व्यवस्थापक म्हणून अध्यक्ष व सचिव. पदाधिकारी बदलले की बँकेतल्या सह्या बदलतो, तसंच इथंही बदलायचं. पासवर्ड लिहिलेलं पाकीट बंद करून गटाच्या पेटीत ठेवलं आहे.

मग नाव. पाटीवर जे नाव आहे तेच आणि तेवढंच लिहायचं. काही जण नावातच सगळं कोंबतात: ‘अमुक महिला गट, बेस्ट हुरडा, घरगुती जेवण, शिर्डी रोड’. हे नियमात बसत नाही. अशी नोंद गूगल बंद करू शकतं, आणि मग ती चालू करून घेताना नाकी नऊ येतात.

बाकी सगळं लिहायला वर्णनाची जागा आहे. तिथं 750 अक्षरं मावतात. तिथं साध्या भाषेत लिहा: काय मिळतं, कधी मिळतं, कुठल्या रस्त्यावर, कुठल्या फाट्यापासून आत किती. आपल्या जिल्ह्यासाठी एक खास गोष्ट. ऑक्टोबर 2024 मध्ये जिल्ह्याचं नाव अधिकृतपणे अहिल्यानगर झालं. पत्त्यात तेच लिहायचं. पण बाहेरचा माणूस अजून ‘अहमदनगर’ टाकून शोधतो, आणि आपण सगळे तर नुसतं ‘नगर’ म्हणतो. म्हणून वर्णनात एकदा लिहून टाका, ‘अहिल्यानगर, म्हणजे पूर्वीचं अहमदनगर’. म्हणजे वाचणाऱ्यालाही शंका राहत नाही.

नंतर प्रकार निवडायचा असतो. यादीतून मुख्य धंद्याला सगळ्यात जवळचा प्रकार घ्या. खानावळ असेल तर जेवणाचा, मसाले कांडून विकत असाल तर मसाल्याच्या दुकानाचा. मग पदार्थांची यादी एकेक करून भरा, भावासकट. नुसतं ‘जेवण’ नको. बाजरीची भाकरी, शिपी आमटी, पिठलं, ठेचा अशी नावं लिहा. लोक जेवण शोधतात तसा पदार्थही शोधतात. अकोल्याकडच्या बायांनी हातसडीचा तांदूळ लिहावा, राजूरच्या बायांनी पेढे लिहावेत. हुरडावाल्यांनी वाणाचं नाव लिहावं. गुळभेंडी असेल तर गुळभेंडी, राहुरी विद्यापीठाचं ‘फुले मधुर’ असेल तर तसं.

आता पत्ता. वस्तीवर राहणाऱ्याला घर नंबर नसतो, रस्त्याला नाव नसतं. काळजी नको. नकाशावर बोटानं खूण सरकवता येते. आपल्या दारात उभं राहून ती बरोबर जागी ठेवा. नकाशावर बोट दाबून धरलं की त्या जागेचा एक अक्षर-आकड्यांचा कोडही मिळतो, त्याला प्लस कोड म्हणतात. तो व्हॉट्सअॅपवर पाठवला की गिऱ्हाईक नेमकं दारात येतं. खूण ठेवून झाली की गटाबाहेरच्या एखाद्याला सांगा, ‘नकाशा लावून फाट्यावरून आमच्याकडे ये बरं.’ तो बरोबर आला तर खूण बरोबर.

ज्यांचा धंदा घरातून चालतो आणि गिऱ्हाईक घरी येत नाही, त्या डबे पोचवणाऱ्या बायांनी घराचा पत्ता दाखवूच नये. पत्ता लपवून कुठल्या गावांना आपण पोचवतो ती गावं लिहिता येतात, 20 पर्यंत. फक्त एक अट आहे. गिऱ्हाईक तुमच्याकडे येतं किंवा तुम्ही त्याच्याकडे जाता, असाच धंदा इथं चालतो. नुसतं कुरिअरनं पापड पाठवणाऱ्या गटाला ही नोंद लागू नाही. त्यांच्यासाठी वेगळी वाट आहे, ती पुढं सांगते.

मग पडताळणी. हा धंदा खरा आहे हे गूगलला दाखवावं लागतं. फोनवर किंवा ई-मेलवर कोड येतो, नाहीतर पुष्कळदा व्हिडिओ मागतात. व्हिडिओ न थांबता एका दमात काढायचा. आधी रस्ता आणि आजूबाजूची ओळखू येणारी खूण, मग पाटी, मग आतली चूल, गिरणी, माल, आणि कुलूप उघडताना किंवा काम करताना, म्हणजे धंदा तुम्हीच चालवता हे दिसेल. माणसांचे चेहरे, आधार कार्ड, बँकेचं पासबुक त्यात दाखवायचं नाही. पाटी नसेल तर आधी पाटी लावा. पाटी नव्हती म्हणून आमचा पहिला व्हिडिओ नाकारला गेला. मग पत्र्यावर रंगानं नाव लिहून लावलं, ते चाललं.

वेळा खऱ्या लिहा. बाजाराच्या दिवशी बंद असाल तर बंद लिहा. हुरडा संपला की हंगाम संपला असं लिहा. नकाशावर ‘उघडे’ दिसतंय म्हणून माणूस 20 किलोमीटर आत आला आणि दाराला कुलूप दिसलं, तर तो परत येत नाही, आणि एक तारा देऊन जातो तो वेगळाच.

फोटो आपलेच काढा. इंटरनेटवरचं चकचकीत ताट उचलून लावू नका. दिवसा, उजेडात, स्वच्छ ताटलीत काढलेला आपल्या भाकरीचा फोटो पुरतो. फाट्यावरून आत वळायची जागा, गाडी लावायची जागा आणि स्वच्छतागृह यांचेही फोटो लावा. घरच्या बायका-लेकरांना घेऊन येणारा माणूस आधी तेच बघतो.

आता ताऱ्यांचं. जेवून उठलेल्या माणसाला सांगायला लाजू नका, ‘दादा, आवडलं असेल तर नकाशावर दोन ओळी लिहा.’ त्यासाठी एक लिंक मिळते, तिचा क्यूआर कोड छापून भिंतीला लावता येतो, पैसे घ्यायच्या कोडसारखाच. पण ‘पाच तारे द्या, दहा रुपये कमी करते’ असं म्हणायचं नाही. ते नियमात बसत नाही. गटातल्या 14 जणींनी आपणच आपल्याला तारे द्यायचे, तेही नाही. गिऱ्हाईक काय लिहितं त्याला उत्तर मात्र द्या. एका माणसानं आमच्याबद्दल लिहिलं, ‘चटणी खारट, पाणी गार नव्हतं.’ आमची एक जण भडकली, म्हणाली, लिहा त्याला चांगलं खरमरीत. आम्ही लिहिलं, ‘दादा, चूक झाली. माठ वाढवले आहेत. पुढच्या वेळी या.’ माठ खरंच वाढवले होते. वाईट शेरा दहा जण वाचतात आणि त्याखालचं आपलं उत्तरही दहा जण वाचतात.

आता जरा अवघड विषय. नंबर जगजाहीर झाला की नको ते फोनही येतात. आमच्यातल्या एका ताईचा नंबर नोंदीवर होता. रात्री अकराला कुणी फोन करून वाकडं बोलायला लागलं. घरच्यांनी तिलाच सुनावलं, ‘बंद करा तुमचा हा धंदा.’ ती आठ दिवस बैठकीला आली नाही. आम्ही तिच्या घरी गेलो, सासूबाईंशी बोललो. मग गटाच्या पैशातून वेगळं सिम आणि साधा मोबाइल घेतला. तो मोबाइल सकाळी नऊ ते संध्याकाळी सहा चालू, नंतर बंद, आणि आठवड्याआठवड्यानं पाळीनं एकेकीकडे. ताई परत कामाला आली. म्हणून सांगते, कुठल्याच बाईचा घरचा नंबर नोंदीवर घालू नका. त्रास झाला तर गप्प बसून धंदा बंद करू नका. तो नंबर लिहून ठेवा, अडवा, आणि गरज पडली तर पोलिसांत जा.

फसवणुकीचे फोन तर येणारच. ‘गूगलमधून बोलतोय, पाच हजार भरा नाहीतर तुमची नोंद काढून टाकू’, ‘तुम्हाला पहिल्या नंबरवर आणून देतो.’ नोंदीला आणि पडताळणीला पैसे पडत नाहीत, हे परत एकदा सांगते. फोनवर आलेला ओटीपी कुणालाही सांगायचा नाही. पैसे गेलेच तर लगेच 1930 या सायबर मदत क्रमांकावर फोन करा. जितका लवकर, तितकी रक्कम अडण्याची आशा जास्त.

आता कुरिअरनं माल पाठवणाऱ्या गटांची वाट. त्यासाठी लांब बघायला नको. नगर तालुक्यातल्या सारोळा कासारच्या सुमनबाई धामणे आजी बघा. शाळा न शिकलेल्या. नातवाच्या मदतीनं ‘आपली आजी’ हे यूट्यूब चॅनेल चालू केलं आणि 2020 मध्ये त्यांचं नाव लाखो घरांत पोचलं. कारल्याची भाजी, घरचा मसाला, आपण रोज करतो तेच. यूट्यूबवरही लोक शोधतातच. ‘कारल्याची भाजी’ असं कुणी टाकलं की त्याच नावाचा व्हिडिओ समोर येतो. म्हणून व्हिडिओला नाव देताना लोक जे शब्द टाकून शोधतील तेच द्यावेत: ‘गव्हाची कुरडई कशी करावी’, ‘काळा मसाला घरी’. पहिल्या दोन ओळींत कुठल्या गावचा गट आणि मागणी कुठं नोंदवायची ते लिहावं. त्याच ऑक्टोबरमध्ये आजींचं चॅनेल कुणीतरी हॅक केलं होतं. नशिबानं ते परत मिळालं. म्हणून आपल्या ई-मेलला दुहेरी कुलूप लावा, म्हणजे पासवर्डबरोबर मोबाइलवर येणारा कोडही लागेल अशी सोय चालू करा.

एवढं सगळं केलं म्हणजे दुसऱ्या दिवशी रांग लागेल असं मात्र नाही. आम्हाला पहिले दोन महिने फोनच आले नाहीत. हळूहळू यायला लागले. नकाशा माणसाला दारापर्यंत आणतो, पुढं भाकरी आणि बोलणं आपलंच. म्हणून आम्ही एक सवय लावली. दर महिन्याच्या बैठकीत बचत आणि कर्जाचा हिशेब झाला की दहा मिनिटं नकाशाला. वेळा बरोबर आहेत का, नवे शेरे काय आले, नवा फोटो कोण टाकणार. लेखनिक ताई ते प्रोसिडिंगमध्ये लिहिते.

मागच्या हंगामात संक्रांतीनंतरच्या रविवारी पुन्हा पुण्याहूनच गाडी आली. फाट्यावर कुणी थांबलं नव्हतं, कुणी फोन केला नव्हता. गाडी सरळ आगटीपाशी येऊन उभी राहिली. उतरलेल्या बाई म्हणाल्या, ‘नकाशानं अगदी दारात आणून सोडलं हो.’ आमच्यातली सगळ्यात म्हातारी काकू, जी म्हणायची हे मोबाइलचं खूळ आपल्याला काय करायचंय, तिनंच पहिला पाट सरकवला आणि सूपभर गरम हुरडा त्यांच्यापुढं ठेवला.

तर मैत्रिणींनो, आज घरी गेल्यावर एकच काम करा. मोबाइलवर आपल्या धंद्याचं नाव टाका आणि बघा, आपण कुठं आहोत. आणि असलोच, तर ती नोंद कुणाच्या नावावर आहे, ते विचारा.